मान वर करा

आज सकाळी सोसायटीच्या ग्रुपवर एक फोटो आला. अंग चोरून बसलेली म्हातारी, तिच्या खांद्यावर नवं ब्लँकेट आणि ते धरून कॅमेऱ्याकडे बघत हसणारी माणसं. माझं डोकंच फिरलं.

टाळेबंदीत बजाजनगरच्या आमच्या गल्लीत आम्ही बायका कामगारांसाठी खिचडी शिजवायचो. एका दुपारी, तांदूळ दिलेले एक गृहस्थ फोटोवाल्याला घेऊनच आले. काम सुटलेली एक बाई पोरीला कडेवर घेऊन रांगेत पुढे आली. गृहस्थांनी गरम पुडा तिच्या हातात दिला, पण स्वतः सोडला नाही.

"पदर बाजूला घ्या, मान वर करा," फोटोवाला म्हणाला.

बाईनं हात काढून घेतला आणि ती वळली. खिचडीच्या वासानं पोरगी रडायला लागली.

"उपाशी आहे, तरी एवढा माज!" गृहस्थ म्हणाले.

शेजारच्या शाहीन आपा हातातला झारा ठेवून पुढे झाल्या.

"माज तुमाला आलाय, साहेब. उरलेला तांदूळ उचला अन् निघा. हितं फोटू नाय निघायचे." मग त्या बाईला हळूच म्हणाल्या, "आमी बी जेवलो नाय अजून. आमच्यासंगं बसता का?"

ती बसली. माणसाला आधी जेवायला बोलवायचं असतं, मग वाढायचं असतं, हे मला तिथं कळलं.

दुसऱ्या दिवशी ती सकाळीच आली, आपांच्या शेजारी बसली आणि डाळ निवडू लागली.