व्याह्यांचा मान आणि हरणाचा परवाना

मी पंचशील घेतलेला बौद्ध माणूस आहे आणि माझ्या पाकिटात मिशिगन राज्याचा हरीण मारण्याचा परवाना आहे.

या दोन गोष्टी एकाच माणसापाशी कशा आल्या, हे माझ्या बायकोला अजून नीट कळलेलं नाही. मला कळलंय, पण सांगायची लाज वाटते. तरी सांगतो.

आम्ही मूळचे नागपूरचे. बरीच वर्षं ॲरिझोनात चँडलरला काढली. मग मिशिगनमध्ये ट्रॉयला गाड्यांच्या एका कंपनीत मला नोकरी लागली. आमची लेक मैत्रेयी आधीपासून तिकडेच शाळेत संगीत शिकवत होती, म्हणून आम्ही आनंदाने बिऱ्हाड हलवलं. खोकी उघडतोय तोच तिने जाहीर केलं, की तिला नेथन नावाचा मुलगा आवडलाय आणि लग्न ठरल्यातच जमा आहे. मुलगा सुतारकाम करतो. शांत आहे, कष्टाळू आहे, आणि इतका उंच आहे की त्याच्याशी बोलून झालं की माझी मान धरते.

पुढच्या रविवारी आम्ही त्याच्या आईवडिलांकडे जेवायला गेलो. घोटाळा तिथेच सुरू झाला.

लग्नातल्या मानपानाविरुद्ध मी आयुष्यभर बोलत आलोय. मराठी मंडळात त्यावर भाषणसुद्धा दिलंय (टाळ्या पडल्या होत्या). पण नेथनच्या वडिलांनी, म्हणजे रॉननी, दार उघडलं मात्र, माझ्या आत इतकी वर्षं दडून बसलेला मुलीचा बाप ताडकन उठून उभा राहिला! मान आपोआप झुकली. हात आपोआप जोडले गेले. मनातल्या मनात मी त्यांना 'रॉनराव' म्हणायलाही लागलो.

जेवायला हरणाचं मांस होतं. रॉनरावांनी स्वतः मारलेल्या हरणाचं. आम्हाला मांसाचं वावडं नाही. नागपूरच्या माणसाला मटणाचं काय सांगायचं! पण बकरा कोणत्या झाडाखाली उभा होता, त्याने शेवटी कुणाकडे पाहिलं, हे जेवताना आजवर कुणी सांगितलं नव्हतं. रॉनरावांनी सगळं सांगितलं. मांस कोरडं ठक्क होतं. पण व्याह्यांच्या घरचं पहिलं जेवण! मी पुन्हा पुन्हा वाढून घेतलं. "असं मांस मी जन्मात खाल्लं नाही," असंही म्हणालो. (ते खरंच होतं.)

रॉनरावांचे डोळे चमकले. ते बोलतात इंग्रजीत, पण तुमच्यासाठी मराठीत सांगतो. "इतकं आवडलं? मग नोव्हेंबरात शिकारीचा सीझन उघडला की पहिल्या दिवशी माझ्याबरोबर यायचं. माझ्या लपणात हरणाची वाट बघत आपण दोघंच!"

"अरे वा!" मी म्हणालो. "यायचा नक्की प्रयत्न करतो."

आपल्याकडे याचा अर्थ 'येत नाही' असा होतो, हे शेंबड्या पोरालाही कळतं. रॉनराव मात्र खुर्चीतून उठले आणि त्यांनी माझा हात इतका हलवला, की घरी येऊन खांद्याला बाम लावावा लागला.

गाडीत बसताच मैत्रेयी म्हणाली, "बाबा! यू डोन्ट इव्हन किल स्पायडर्स! जस्ट से नो!"

"अगं, व्याही आहेत ते."

"ही इज अ नॉर्मल पर्सन, बाबा. ही विल बी फाइन."

"नॉर्मल पर्सनला नाही म्हणता येतं. व्याह्यांना नाही म्हणता येत."

"मग जा आणि मारा हरीण," सुनंदा मागच्या सीटवरून म्हणाली. ही माझी बायको.

पण मी निश्चिंत होतो, कारण माझा सरकारवर विश्वास होता. या देशात प्रत्येक कागदासाठी मी वर्षानुवर्षं थांबलोय. व्हिसासाठी थांबलो, ग्रीन कार्डासाठी तर इतका थांबलो की रांगेतच केस पिकले. अशा सरकारकडून, नव्या राज्यात नुकत्याच आलेल्या माणसाला, बंदूक घेऊन रानात शिरायचा परवाना मिळणार? शक्यच नाही! शिवाय ॲरिझोनात रहिवासी म्हणून परवाना घ्यायचा तर आधी सहा महिने तिथे राहिलेलं असावं लागतं, हे एका सहकाऱ्याकडून ऐकलेलं होतं. मी चेहरा पाडून रॉनरावांना फोन केला.

"फार वाईट वाटतं हो. पण मी पडलो नवा रहिवासी. कायदा आडवा येतो."

"ते ॲरिझोनात," रॉनराव म्हणाले. "प्रत्येक राज्याचे नियम वेगळे. तुम्ही इथे घर घेतलंत ना? कायमचं राहणार ना? इथलं ड्रायव्हिंग लायसन्स काढलंत ना? झालं तर! तुम्ही मिशिगनचे!"

मिशिगनने मला इतक्या पटकन आपलं म्हटलेलं पाहून माझ्या डोळ्यांत पाणी आलं. ते आनंदाचं नव्हतं.

मग मी राज्याच्या नियमांची अख्खी पुस्तिका वाचून काढली आणि मला सोन्याची खाण सापडली. शिकारीचा सुरक्षा कोर्स! तो केल्याशिवाय माझ्या वयाच्या माणसाला परवाना नाही! पुन्हा फोन.

"काय सांगू! कोर्स करायला हवा होता. आता कामाचं इतकं प्रेशर आहे…"

"त्याची काळजी नको," रॉनराव म्हणाले. "शिकाऊ परवाना असतो. अनुभवी माणूस शेजारी बसला की कोर्स लागत नाही. मी आहे ना!"

मी हताश होऊन चँडलरच्या मित्राला, गजभियेला, फोन लावला. तो खास नागपुरी. "काऊन घाबरतं बे? जाय, बस, अन् गोळी हवेत झाड! हरीण काय कंप्लेंट करणार हाय?"

"आणि नेमकी लागली तर?"

"कॉलेजात कॅरम खेळताना तू नेम चुकवायला जायचा तवाच सोंगटी पडायची यार," तो म्हणाला, आणि त्याने फोन ठेवला.

सुनंदाचा सल्ला सगळ्यात सोपा होता. "त्यांना सांगा ना, की आम्ही जीव घेत नाही. पहिलंच शील आहे आपलं."

"त्यांना वाटेल, मी त्यांना पापी म्हणतोय."

"बरं. म्हणजे पहिलं शील मोडू नये म्हणून तुम्ही रोज फोनवर चौथं मोडताय."

चौथं शील खोटं न बोलण्याचं. मी तिच्याकडे पाहिलं नाही आणि उठून उगीच झाडांना पाणी घालायला गेलो.

शेवटी रॉनरावच मला दुकानात घेऊन गेले. बूट आणि गळ विकणाऱ्या दुकानातच परवाने मिळतात! काउंटरवरच्या बाईंनी माझं लायसन्स बघितलं, चार बटणं दाबली आणि कागद हातात ठेवला. "गुड लक, हनी!" एवढंच. या देशात एकही दिवस न थांबता मला मिळालेला हा एकमेव सरकारी कागद, आणि तोच नेमका मला नको होता.

सीझनचा पहिला दिवस उजाडला. नियमाप्रमाणे शिकाऱ्याने भडक नारिंगी कपडे घालायचे असतात, म्हणजे दुसरा शिकारी त्याला हरीण समजत नाही. मी नारिंगी जाकीट, नारिंगी टोपी घालून स्वयंपाकघरात आलो. सुनंदाने मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं.

"अगदी विहारातले भन्तेजी दिसताय," ती म्हणाली. मग तिला हसू आवरेना, आणि मग एकदम तिचं हसू थांबलं. "अहो, खरंच काही करू नका हं."

मी टोपी कानांवर ओढली आणि निघालो.

रॉनरावांचं लपण म्हणजे रानाच्या कडेला खांबांवर उभं केलेलं एक लाकडी खोपटं. आत दोन खुर्च्या आणि समोर एक खिडकी. थंडी अशी, की श्वास मिशीवर गोठत होता. ते मला अगदी हळू आवाजात सांगत होते, की हे लपण त्यांच्या वडिलांनी बांधलं. या सकाळची ते वर्षभर वाट बघतात. आणि आजवर इथे त्यांनी बाहेरच्या कुणालाही आणलेलं नाही. मी मान डोलवत होतो. प्रत्येक वाक्यासरशी 'नाही' म्हणणं अधिकच अशक्य होत होतं.

आणि मग ते आलं. मोठ्या शिंगांचं, उमदं हरीण. धुक्यातून निघून अगदी समोर उभं राहिलं. असं जनावर मी कधी पाहिलं नव्हतं. क्षणभर रॉनरावांचा हात स्वतःच्या बंदुकीकडे गेला, आणि मग त्यांनी तो मागे घेतला. माझ्याकडे बघून ते पुटपुटले, "आधी तुम्ही."

मानपान! मिशिगनच्या रानात, शून्याखालच्या थंडीत, माझा मान राखला जात होता!

मी बंदूक उचलली. हरणाने मान वळवून सरळ माझ्याकडे पाहिलं. मी बंदूक खाली ठेवली.

"रॉनराव," मी पहिल्यांदाच मोठ्याने म्हणालो, "तुमचा गैरसमज होऊ नये, पण सांगायचं असं की, तुम्ही मला इथे आणलंत हा माझा मोठाच सन्मान आहे, तुमच्या वडिलांबद्दलही मला आदर वाटतो, आणि माझे स्वतःचे वडीलसुद्धा…"

आपल्याकडे 'नाही' म्हणण्याआधी एवढी प्रस्तावना लागतेच. माझे वडील नागपूर सोडून कामठीला पोचेपर्यंत हरीण निघून गेलं होतं. मी पंचशीलापर्यंत आलो तेव्हा त्या रानात खारसुद्धा उरली नसावी.

"थोडक्यात," मी म्हणालो, "मी जीव घेऊ शकत नाही. मला यायचंच नव्हतं."

रॉनरावांनी आपली बंदूक भिंतीला टेकवून ठेवली. मग म्हणाले, "हे तुम्ही त्या रविवारीच सांगू शकला असता."

"तुमचं मन मोडवेना."

"हं. मग एक विचारतो. नेथन जावई म्हणून मिळतोय याचा फार आनंद आहे, असं तुम्ही त्याच जेवणात म्हणाला होतात. तेही असंच का?"

मला खरोखर भीती वाटली. माझ्या गोड जिभेने लेकीचं लग्न रानात आणून उभं केलं होतं.

"नाही! ते खरं होतं."

"मला कसं कळायचं?"

गेले काही महिने मी त्या माणसाशी एक वाक्य खरं बोललो नव्हतो. मग मला जे सुचलं ते मी बोलत सुटलो.

"तुमचा मुलगा गाडी भन्नाट चालवतो. मला धडकी भरते. तो पोह्यांवर केचप घालतो. फोन उचलत नाही. मला जावई मराठी समजणारा हवा होता. हे सगळं खरं आहे. आणि सुनंदाचा पाय मुरगळला, तेव्हा तो न बोलावता आला, आमच्या पायऱ्यांना कठडा बसवला आणि चहासुद्धा न घेता गेला. तो समोर असला की मैत्रेयी लहानपणी हसायची तशी हसते. मला आनंद आहे, रॉन. फार आनंद आहे."

रॉनरावांनी थर्मासमधली कॉफी माझ्या हातात दिली.

रॉनरावांच्या घरी नाश्त्याला सगळे जमले होते. रॉनरावांनी माझं भाषण केचपसकट सर्वांना ऐकवलं. नेथनचा चेहरा पांढरा पडला. मैत्रेयीने मात्र टाळी वाजवली.

"ही सेड ऑल दॅट? ओ माय गॉड, ही लव्ज हिम!" मग नेथनकडे वळून तिने त्याला इंग्रजीत समजावलं, "बाबांनी दोष काढले म्हणजे पसंत आहे. माझे तर रोज काढतात. ज्याचं नुसतं कौतुक करतात ना, तो त्यांना आवडत नसतो."

सगळे हसले. रॉनराव हसले नाहीत. ते विचारात पडले होते.

निघताना ते मला गाडीपर्यंत सोडायला आले. इकडेतिकडे बघून त्यांनी हळूच विचारलं, "आणि माझ्यात? माझ्यात काय खटकतं तुम्हाला?"

सांगण्यासारखं पुष्कळ होतं. ते ऐकायला अगदी आतुर होऊन उभे होते. पण शेवटी व्याही ते व्याही! माझी मान झुकली, हात जोडले गेले.

"छे छे!" मी म्हणालो. "तुमच्यात कसला दोष? तुमच्यासारखा माणूस शोधून सापडायचा नाही!"

रॉनरावांचा चेहरा खर्रकन उतरला.