शेजारच्या घरचं पाणी

बेलिफमामा ज्याच्या घरी कोर्टाचा कागद द्यायला जात, त्या घरचं पाणी पीत नसत. चहा तर लांबच. आमच्या शेजारी जगूशेठचा बंगला आहे. खडीचे क्रशर, रस्त्यांची कंत्राटं, आणि त्यामागून येणारे दावे. त्यामुळे दोन-तीन महिन्यांतून एकदा तरी मामा तालुक्याहून मोपेडवर येत, शेठच्या दारात समन्स देत आणि मग चपला काढून आमच्या ओसरीवर टेकत.

"वैनी, तांब्याभर पानी द्या. शेजारी मी कोर्टाचा मानूस हुतो, तुमच्यात साधा मारुतीमामा हाय."

आटपाडीकडच्या आमच्या गावात उन्हाळ्यात टँकरची वाट बघावी लागते. पण मामांचा तांब्या आईनं कधी चुकवला नाही. मामा डोळे मिटून, न थांबता तो रिकामा करत.

अंगानं किडकिडीत, पांढरा शर्ट, खिशाला दोन पेनं. रेक्झिनच्या पिशवीत कागद आणि एका डबीत मामीनं शिजवून दिलेली गव्हाच्या पिठाची खळ. कोणी कागद घ्यायला नकार दिला, की दोन पंचांसमोर तो दारावर डकवायचा, असा नियम. मी एकदा विचारलं, "मामा, दुकानात गम मिळतो की." ते म्हणाले, "उनानं सुटतो रं. मग मानसं म्हनत्यात, कागूद लावलाच न्हवता. आमच्या हिची खळ लावली की दार मोडंल, पन कागूद न्हाई सुटायचा."

परत गेल्यावर कोर्टाला अहवाल द्यायचा असतो. त्यात मामा समोरच्याचे शब्द जसेच्या तसे लिहीत. एका म्हातारीनं समन्स बघून "तुज्या कोर्टाला आग लागू दे" म्हटलं. मामांनी तिथंच लिहून तिला वाचून दाखवलं, "आजी, असंच म्हनलासा न्हवं?" म्हातारी म्हणाली, "व्हय. आनि तुज्या फटफटीला बी. तेवढं राह्यलं." मामांनी तेही लिहिलं. "माज्या मनाचं एक अक्षर घालत न्हाई," ते सांगत. "मी कोर्टाचा पाय हाय. तोंड न्हवं."

मी आमच्या घरातला पहिला दहावी पास. नंतर सांगलीला लॉला प्रवेश मिळाला, तेव्हा सगळ्यात जास्त आनंद मामांना झाला. स्वतःचं एक पेन काढून त्यांनी माझ्या खिशाला लावलं.

पहिल्या वर्षाच्या उन्हाळी सुट्टीत मी घरी होतो. गावातल्या सुंदराकाकूच्या रानात जगूशेठनं दगड काढायला सुरुवात केली होती, आणि तिच्या दाव्यात कोर्टानं त्याला मनाई हुकूम दिला होता. तो घेऊन मामा आले. शेठनं घ्यायला नकार दिला. मामा पारावर पंच शोधायला गेले, तर एकाला अचानक म्हशीची आठवण झाली आणि दुसऱ्याला फोन आला. शेवटी गावचा कोतवाल नाइलाजानं उभा राहिला, आणि दुसरा मी. मी लॉचा विद्यार्थी होतो. खरं सांगायचं तर मला थोडी ऐटच वाटत होती.

मी खळीची डबी धरली होती, मामा कागद डकवत होते. जगूशेठ बाहेर आला. कागद टरकावून त्यानं मामांची कॉलर धरली. एक घाण शिवी दिली आणि म्हणाला, "परत ह्या दारात दिसलास तर घरी चालत जानार न्हाईस. तुझी बायकू पोरीकडं कराडला कवा जाती, कुठल्या यष्टीनं जाती, समदं ठावं हाय मला."

मामांनी पिशवीतून दुसरी प्रत काढली. त्यांनी ती नीट, चारी कोपरे दाबून लावली. मग आमच्या ओसरीवर बसून शिवीसकट सगळं लिहिलं आणि मला वाचून दाखवलं. "तू ऐकलंस तेवढंच हाय का बघ. जास्त नगं, कमी बी नगं." मी सही केली.

ऑफिसातल्या कारकुनानं त्यांना सुचवलं होतं म्हणे, की नुसतं 'अपशब्द वापरले' असं लिहा, कशाला वाढवता. मामा म्हणाले, "शिवी मी पचवीन, सायेब. पन बायकूची यष्टी त्येनं बघून ठिवलीया. ती 'अपशब्दात' कुठं बसती?" त्या दिवसापासून मामी एकटी कराडला गेली नाही. नातवाच्या बारशालाही नाही.

गुन्हा दाखल झाला. खटला उभा राहायला दीड वर्ष गेलं. कोतवालानं तोवर हात झटकले होते, त्यामुळे माझ्या साक्षीवरच सगळं होतं.

दिवाळीनंतर माझे वडील मेंढरं घेऊन कराडच्या बाजूला कृष्णाकाठी जातात. तिकडचे शेतकरी खतासाठी रानात मेंढरं बसवून घेतात आणि बदल्यात धान्य देतात. कळप जगतो तो त्यावर. साक्षीच्या आठवडाभर आधी जगूशेठ आमच्या घरी आला. ओसरीवर, मामा बसतात तिथंच बसला. बशीतून चहा प्याला.

"औंदा कोकरं लय हायती व्हय? कुठल्या शिवारात बसवनार? तिकडं समदी आपलीच सोयरी हायती. एक फोन केला की झालं."

एवढंच बोलला. शिवी नाही, आवाज चढवणं नाही. जाताना माझ्या पाठीवर हात ठेवला. तो गेल्यावर वडील मेंढरांकडे बघत म्हणाले, "तू शिकल्याला हायस. तुला मी काय सांगू?"

कोर्टात सरकारी वकिलांनी मामांच्या अहवालातले ते शब्द वाचले आणि विचारलं, "आरोपी हे बोलले का?" मी म्हणालो, "मोठ्यानं बोलणं चाललं होतं. शब्द नीट ऐकू आले नाहीत."

"तुम्ही किती अंतरावर होतात?"

त्या दिवशी खळीची डबी माझ्याच हातात होती. मामा कोर्टाच्या दाराशी उभे होते. मागच्या बाकावरून जगूशेठनं माझ्याकडे बघून हळूच मान हलवली, घरातल्या माणसाला शाबासकी द्यावी तशी. कुणाचं खरकटं अंगावर सांडावं तशी ती शाबासकी मला अजून चिकटलेली आहे. आणि तिच्याहून जास्त किळस मला माझ्या त्या नीटनेटक्या वाक्याची येते. शुद्ध मराठीत बोललो होतो मी.

तो सुटला. कोर्टाच्या पायरीवर मामांनी मला गाठलं. मला वाटलं, आता बोलतील. त्यांनी विचारलं, "मेंढरं पोचली का रं, सुखरूप?" मी मान हलवली. "बरं झालं," म्हणाले आणि आत गेले.

पुढं वर्गात सरांनी सरकारी नोकराला धमकी देण्याचं आणि साक्षीदाराला धमकावण्याचं कलम शिकवलं. मी दोन्ही वहीत उतरवली. मामांच्याच पेनानं, सुवाच्य अक्षरात.

या मे महिन्यात मामा परत शेठच्या दारात आले. सुंदराकाकूचा दावा चालूच आहे. पंच म्हणून त्यांनी तालुक्याहूनच दोन माणसं आणली होती. त्यांनी कागद डकवला, कोपरे दाबले. मी घरात, खिडकीच्या आड होतो. आई तांब्या भरून ओसरीवर उभी राहिली. मामा आमच्या दारावरून जाताना थांबले. ओठ फाटले होते, शर्ट पाठीला चिकटला होता. त्यांनी तांब्याला हात जोडले.

"नगं वैनी. तहान न्हाई आज."

मामांच्या तोंडून मी ऐकलेलं ते पहिलं खोटं.

खिडकीतून दिसणाऱ्या वेशीजवळच्या हापशावर त्यांनी मोपेड उभी केली. एका हातानं दांडा मारत, दुसऱ्या हाताची ओंजळ धरून ते कितीतरी वेळ पाणी पीत होते.