व्हर्लीनच्या गाण्यातला आमेन

आज चर्चच्या उपासनेत व्हर्लीन स्टबलफील्ड प्रभूच्या कृपेची साक्ष द्यायला उभी राहिली आणि आम्ही बायका रुमालाआड हसत बसलो. प्रभू क्षमा करो, पण त्यामागची हकीकत लिहून ठेवलीच पाहिजे.

व्हर्लीन आमच्या हिकरी फोर्ड गावची. शाळेच्या खानावळीत बटाटे सोलता सोलता गाणी रचायची. ओळ चांगली सुचली की सालाबरोबर बटाटाही कचऱ्यात जायचा. नॅशव्हिलच्या तबकड्या काढणाऱ्या कंपनीने तिला गावाकडच्या गाण्यांसाठी घेतलं खरं, पण तिथले प्रुइटसाहेब म्हणाले, "हे शहरातही वाजलं पाहिजे." तिच्या गाण्यातला नवरा ट्रक घेऊन पळाला होता, त्याला साहेबांनी विमानात बसवलं. मग आमच्याकडची रेडिओ केंद्रं म्हणाली, बाईने अत्तर फासलंय. शहरातली म्हणाली, शेणाचा वास येतोय. दुसऱ्या तबकडीचीही तीच गत झाली.

"तिसरी शेवटची," साहेबांनी बजावलं. "ही पडली की तू आपली बटाट्यांकडे परत."

व्हर्लीनने एकच हट्ट धरला. मागे गायला आमच्या चर्चच्याच बायका हव्यात. निघालो आम्ही, केळ्याचं पुडिंग बांधून.

गाणं नवऱ्याला माफ करण्याचं. "मी तुला माफ केलं" म्हणून व्हर्लीन थांबते, सगळी वाद्यं थांबतात, आणि मग पंधरा व्हायोलिनं एकदम उसळतात. त्या शांततेवर साहेबांचा फार जीव.

व्हर्लीन थांबली.

"आमेन!" आमच्यातली ओझेलाआत्या खणखणीत म्हणाली.

"बाई, इथं गप्प राहायचंय," साहेब म्हणाले.

"गप्प? पोरगी एवढी माफी देतेय आणि आम्ही ओंडक्यासारखं उभं राहायचं? आमच्यात असं शिकवत नाहीत हो."

आत्याचंही खरंच होतं. आमच्याकडे बोलणारा थांबला आणि कोणी आमेन म्हटलं नाही, तर बिचाऱ्याला वाटतं आपलं काही चुकलं.

पुन्हा गाणं, पुन्हा आमेन. साहेबांनी आत्याच्या तोंडात पेपरमिंटची गोळी दिली. गोळीसकट आमेन आला आणि गोळी ढोलात गेली. शेवटी तिला पुडिंग देऊन बाहेर बसवलं. आम्ही उरलेल्यांनी ओठ मुठीत धरले.

"मी तुला माफ केलं..."

शांतता. साहेब डोळे मिटून हसले.

"आमेन," व्हायोलिनवाल्यांतून एक जाडा आवाज आला. शेजारच्या गावच्या चर्चमधल्या डीकनचा मुलगा होता तो! बिचारा लाल झाला. व्हर्लीनला असं हसू फुटलं, की शेवटचं कडवं तिने हसत हसतच म्हटलं. तेवढ्यात वाजवणारे आपापली वाद्यं पेट्यांत भरू लागले. बुधवार होता, संध्याकाळी सगळ्यांना प्रार्थनेला जायचं होतं.

"जाऊ दे तसंच," साहेब डोकं धरून म्हणाले. "बुडालोच आहोत."

आणि तेच गाणं चाललं! आमच्याकडचे म्हणाले, आपली पोर परत आली. शहरातल्यांना वाटलं ही काहीतरी नवी फॅशन. आता म्हणे तिकडे नाचघरांत पोरं त्या जागी आमेन ओरडतात.

फक्त ओझेलाआत्या रुसली. "मेहनत माझी, नाव त्या व्हायोलिनवाल्याचं," असं ती दुकानात, टपाल कचेरीत, दिसेल त्याला सांगत सुटली.

तर आज व्हर्लीन म्हणाली, "प्रभूच्या कृपेने कंपनीने मला ठेवलंय." आणि थांबली. आत्याचा मान म्हणून आम्ही कोणीच आमेन म्हटलं नाही. आत्या छताकडे बघत बसली. पाळकसाहेब खोकले.

"आत्या, म्हणा ना," व्हर्लीन रडकुंडीला आली.

"त्या व्हायोलिनवाल्याला बोलाव."

"अहो, पुढच्या गाण्यात थांबायची जागा तुमच्यासाठीच ठेवलीय."

"गोळी देणार का तोंडात?"

"नाही."

"बाहेर बसवणार?"

"अजिबात नाही."

आत्याने टोपी सारखी केली, उभी राहिली, आणि अशी ओरडली की चर्चच्या पाळणाघरातली पोरं जागी झाली.