माझ्या वाट्याचा बेडूक

“तू मार रे सगळ्यांचे. तुझ्या हाताला सवय असेल. घरचंच काम तुमचं.”

प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेत सर असं म्हणाले आणि क्लोरोफॉर्मची बाटली माझ्यापुढे सरकवली. वर्ग हसला. मीही हसलो. सर बोलले ते बोलले, पण मी का हसलो, हे मला अजून पचत नाही.

महाराष्ट्र राज्य होऊन थोडीच वर्षं झाली होती. बुलढाणा जिल्ह्यातल्या एका गावी नवं कॉलेज निघालं होतं. त्याचं नाव सांगत नाही. सांगितलं की बाकीची कॉलेजं धुतल्या तांदळासारखी ठरतात. मी बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला होतो. त्या वर्षाच्या मार्कांवर मेडिकलला प्रवेश मिळायचा. मार्क पडले की मलकापूरला गाडीत बसायचं आणि नागपूरला उतरायचं, एवढंच माझ्या डोक्यात होतं.

डॉक्टर व्हायचं वेड मला पुस्तकातून लागलं नव्हतं. आमचं गाव उंद्रीपासून दोन कोसांवर. गावात ढोर मेलं की निरोप आमच्या वस्तीत यायचा. ओढून न्यायचं, सोलायचं, गावाबाहेर टाकायचं. बाने बुद्धाची दीक्षा घेतली आणि पाटलाच्या माणसाला दारातूनच सांगितलं, “आता आमी ढोरं वढणार नाई. ज्याचं ढोर त्यानं वढावं.” गावाने आमचं काम बंद केलं. गिरणीवर दळण बंद. त्याच दिवसांत माझी धाकटी बहीण तापाने फणफणली. दवाखाना चिखलीला. बा चार दारी गेला, कोणी बैलगाडी दिली नाही. खांद्यावर घेऊन निघाला. ती वाटेतच गेली. त्यानंतरही बाने ढोराला हात लावला नाही. आणि मला शाळेतून काढलंही नाही.

अशा बापाचा मुलगा मी. आणि मी ती बाटली घेतली.

वर्गात आम्ही चौदा जण. प्रॅक्टिकलच्या दिवशी शिपाई पिंपात बेडूक घेऊन यायचा. मी ते एकेक करून मारायचे, धुवायचे, मेणाच्या ट्रेवर उताणे टाचून ज्याच्या त्याच्या टेबलावर नेऊन द्यायचे. मग त्यांचं शिक्षण सुरू. पोट उघडायचं, आतडं बाजूला घ्यायचं, शिरा मोकळ्या करायच्या. तास संपला की सगळं बादलीत भरून कॉलेजमागे खड्ड्यात पुरायचं. तेही माझ्याकडे. खरं म्हणजे ते शिपायाचं काम होतं. पण तो म्हणाला, “मेलेलं मी नाई उचलत.” त्याला कोणी दुसऱ्यांदा विचारलं नाही.

पिंपात एखादा बेडूक कमी निघायचा. एखादा उडी मारून पळालेला असायचा, एखादा आधीच मरून फुगलेला. कमी पडला की तो माझाच कमी पडायचा. आणि चौदा भरले, तरी तेरा ट्रे लावून होईपर्यंत तास संपत आलेला असायचा. सर म्हणायचे, “तुझं पुढच्या वेळी बघू.”

मला राग यायला हवा होता. आला नाही. उलट मला तो मान वाटला. सरांचा आपल्यावर विश्वास आहे, असं मी बाला पत्रात कळवलं. कशाचा विश्वास, ते लिहिलं नाही. इतका मूर्ख होतो.

शेजारच्या टेबलावर दिनकर असायचा. बड्या शेतकऱ्याचा मुलगा. त्यालाही मेडिकललाच जायचं होतं. बेडूक उघडला की हा नाकाला रुमाल लावायचा. त्याला धमनी सापडायची नाही. मी जाता जाता चिमट्याने दाखवायचो, ही बघ, ही इथून निघते, इथे फुटते. पुस्तक मला पाठ होतं. तो म्हणायचा, “तू हुशार आहेस बे.” आणि सर त्याच्या जर्नलवर सही करायचे.

जर्नल म्हणजे प्रॅक्टिकलची वही. प्रत्येक प्रयोगावर सरांची सही लागते. सह्या पुऱ्या नसतील तर प्रॅक्टिकलच्या परीक्षेला बसू देत नाहीत आणि मग मेडिकलचा अर्जच भरता येत नाही. दिवाळीनंतर मी माझं जर्नल सरांपुढे ठेवलं. त्यांनी सगळी पानं बघितली.

“आकृत्या सुरेख आहेत. पण डिसेक्शन कुठे केलंस तू? मी खोटी सही करत नाही.”

हेही मी ऐकून घेतलं. सरांचं म्हणणं खरंच आहे, असं मनाला समजावत बादली उचलली आणि मागे गेलो.

त्याच दुपारी बा आला. शेंगांची पिशवी घेऊन एस.टी.ने आला होता. खोलीवर मी नव्हतो म्हणून विचारत विचारत कॉलेजमागे पोचला. मी खड्डा खणत होतो. बा बादलीजवळ उभा राहिला.

“काय हाय यात?”

“बेडकं.”

“मेलेली?”

“हाव.”

बाचा चेहरा उतरला. मी घाईघाईने सांगू लागलो, हे शिक्षण आहे, शरीर आतून कसं असतं ते असंच कळतं, सगळे डॉक्टर असेच शिकतात. बाने शांतपणे ऐकून घेतलं. मग वाकून बादलीत बघितलं.

“यातलं तुहं कोणतं?”

मी हातातलं फावडं खाली ठेवलं. म्हणालो, “एकही नाई.”

“शिकाले कापशीन त काप. शंभर काप. मी काई म्हणणार नाई. पन दुसऱ्याइचं मेलेलं उचलाले म्या तुले नाई धाडलं.”

तो ओरडला नाही. ओरडला असता तर बरं झालं असतं. पिशवी तिथेच ठेवून तो स्टँडकडे चालू लागला. मी मागे गेलो नाही. आयुष्यात एवढी लाज मला कोणत्याही सवर्णासमोर वाटली नव्हती.

पुढच्या प्रॅक्टिकलला सरांनी बाटली पुढे केली. मी घेतली नाही.

“मला माझा बेडूक द्या सर. मी तेवढाच मारीन, तेवढाच कापीन. बाकीच्यांचे मारणार नाही. पुरणारही नाही.”

“मग कोण पुरणार बे? आम्ही?” दिनकर म्हणाला. त्याला खरंच प्रश्न पडला होता.

“ज्याचा त्याने.”

सरांनी मला हात धुऊन बाहेर जायला सांगितलं. हात तर कोरडेच होते. दुसऱ्या दिवशी त्यांनी बोलावून घेतलं आणि अगदी मायेने बोलले. “डोक्यात राख घालू नकोस. लेखी माफी आण, वर्गासमोर वाच. राहिलेली डिसेक्शन एका दुपारी उरकून घेऊ, मी सही करतो. मेडिकलला जायचंय ना तुला?”

मी माफी लिहायला बसलो, हे लपवत नाही. ‘मी माझ्या उद्धट वर्तनाबद्दल’ इथवर लिहिलं. पुढे उद्धटपणा कोणता केला ते लिहायला हवं होतं. माझा बेडूक मागितला, हा? तो शब्द लिहिला तर बाने ढोर ओढायला नकार दिला, तोही उद्धटपणाच ठरत होता. मग माझी बहीण वाटेत मेली ती कोणाच्या चुकीने? कागद फाडला. दुसरा घेतला. त्यावर प्रत्येक प्रॅक्टिकलची तारीख घातली. कोणी मारले, कोणी कापले, कोणी पुरले, सगळं सरळ लिहिलं आणि खाली सही केली.

तो कागद मी वर्गासमोर उभा राहून वाचला. सरांना वाटलं माफीच आहे. चौथ्या ओळीला त्यांनी “पुरे” म्हटलं. मी शेवटपर्यंत वाचला. हसलं कोणी नाही. माझ्या बाजूनेही कोणी बोललं नाही. तेरा जण वहीत तोंड खुपसून बसले होते.

सह्या झाल्या नाहीत. मी परीक्षेला बसलो नाही. प्राचार्यांकडे गेलो तर ते म्हणाले, तडजोड कर, तुझंच वर्ष वाया जाईल. वाया गेलं. दिनकर नागपूरला गेला. जायच्या आधी भेटायला आला होता, पेढे घेऊन. मी पेढा घेतला नाही. तो बिचारा अजून म्हणत असेल की मी जळलो.

लोक विचारतात, पुढे तुम्ही डॉक्टर झालात का? ते मी सांगत नाही. झालो म्हटलं की ऐकणाऱ्याला हायसं वाटतं, सगळं फिटल्यासारखं. नाही म्हटलं की तो हळहळतो आणि घरी जाऊन जेवतो. मला यातलं काहीच नको आहे.

जूनमध्ये मी त्याच कॉलेजात, त्याच वर्गात पुन्हा नाव घातलं. वर्गात सगळी नवी मुलं होती. सर तेच होते. पहिल्या प्रॅक्टिकलला मी सगळ्यांच्या आधी गेलो. पिंपात हात घालून एक बेडूक धरला, क्लोरोफॉर्मने मारला, माझ्या ट्रेवर टाचला आणि त्याचं पोट उघडलं. सर दारात थांबले.

“तू परत आलास?”

“सही करा, नाहीतर करू नका,” मी म्हणालो. मान वर केली नाही, हातात कात्री होती. “मी दरवर्षी येईन.”