सहावी सुई

वहिनींकडे सहा सुया होत्या. काम संपलं की सहाही मोजून सुयांच्या उशीत टोचायच्या आणि मगच उठायचं. कपड्यांच्या कारखान्यात त्यांनी एकतीस वर्षं कॉलर शिवल्या. तिथे सुई मोडली तर तिचे सगळे तुकडे कागदावर चिकटवून दाखवावे लागत. एक तुकडा कमी पडला तरी अख्खा माल अडकून राही. ती शिस्त त्यांच्या अंगातच मुरली.

माझा थोरला भाऊ गेला, नोकरी संपली आणि वहिनी वृद्धाश्रमासाठी गोधड्या शिवू लागल्या. गोधड्या त्यांच्या, ओझं माझं. मी मालगोदामातला हमाल. गठ्ठा बांधणं आणि वाहणं, एवढंच मला येतं.

फुकट द्यायची वस्तू कशीही केली तरी चालते, असं समजणारे पुष्कळ आहेत. वहिनी जुन्या चादरी आधी उसवायच्या, दोनदा उकळायच्या, कडक उन्हात वाळवायच्या. मग चार थर. टाका तांदळाच्या दाण्याएवढा. दोऱ्याची प्रत्येक गाठ आतल्या थरात दडवलेली.

"एवढं कोण बघतंय?" मी एकदा म्हटलं.

"बघण्याचा प्रश्न नाही, भावोजी. अंथरुणाला खिळलेल्या माणसाला साधी कूस बदलता येत नाही. गाठ रुतली तर रुतलेलीच राहते."

एका गोधडीला महिना लागायचा. वहिनींचा उजवा अंगठा वाकेनासा झाला होता.

आश्रमाचे व्यवस्थापक गठ्ठा फाटकावरच घ्यायचे. चहा द्यायचे, आत मात्र सोडायचे नाहीत. म्हणे संसर्ग होतो. दर वर्षी समारंभ झाला की एक फोटो पाठवायचे: पाहुणे, हार आणि वहिनींची निळ्या पट्टीची गोधडी पांघरलेले एक आजोबा. वहिनी तो फोटो डोळ्यांजवळ नेऊन बघायच्या. "उलटी पांघरलीय," म्हणायच्या, पण खूश असायच्या.

गेल्या मंगळवारी आम्ही पाच गोधड्यांचा गठ्ठा देऊन आलो. बुधवारी सकाळी वहिनींनी मला बोलावलं. घरातली सगळी अंथरुणं जमिनीवर होती. जुन्या स्पीकरमधलं लोहचुंबक दोरीला बांधून त्या फरशीवरून फिरवत होत्या.

"सुया पाचच आहेत. एक गोधडीत गेली."

"काल मोजल्या नव्हत्या?"

"तुम्ही दारात घाई लावली होती."

"म्हणजे आता माझ्यावर?"

"चपला घाला आधी. भांडण वाटेत करू."

व्यवस्थापक चहा पीत बसले होते. सगळं ऐकून हसले. "अहो मावशी, एका सुईचं काय एवढं घेऊन बसलात?"

"कुणाच्या पाठीत गेली तर तुम्ही काढणार का?"

"कालचा गठ्ठा अजून वाटलेला नाही."

"मग तर उत्तमच. कुठे आहे?"

"कोठीची किल्ली सापडत नाहीये."

दारात फरशी पुसणारी बाई मान वर न करता म्हणाली, "साहेब, खिशात बघा. आत्ताच ठेवलीत."

कोठीचं दार उघडलं आणि उंदरांच्या मुताची वाफ अंगावर आली. आत भिंतीला लागून आमचे गठ्ठे होते. कालचाच नव्हे, तीन वर्षांचे. मी मारलेली गाठ मला ओळखू येते. दोन फेरे देऊन टोक आत दाबतो. एकदा सोडली की दुसऱ्याला तशी पुन्हा मारता येत नाही. पहिला गठ्ठा सोडला तर एकही गाठ सुटलेली नव्हती. कालचा सोडला तर सगळे गठ्ठे ओलीने काळे पडले होते. एकाला भोक होतं आणि भोकात उंदराची गुलाबी, आंधळी पिल्लं वळवळत होती. कोपऱ्यात जनरेटरखाली एक गोधडी तेल पिऊन लिबलिबीत झाली होती.

फक्त निळ्या पट्टीची गोधडी स्वच्छ होती. इस्त्री करून प्लॅस्टिकच्या पिशवीत, वर चिठ्ठी: 'समारंभासाठी'. तीन वर्षं, तीन फोटो, एकच गोधडी.

 

"साठा असतो, काका," व्यवस्थापक म्हणाले. "लोक देतच राहतात. सगळं बाहेर काढलं की धुणार कोण?"

 वहिनींनी खाली बसून कालचा गठ्ठा सोडला आणि एकेका गोधडीवरून चुंबक वीत-वीत फिरवलं. चौथ्या गोधडीला टिक वाजलं. सुई काढली, पुसली, उशीत टोचली. सहा.

"सापडली," त्या म्हणाल्या. "आता कुणाला टोचणार नाही."

"टोचायला पांघरलंय कुणी, ताई?" पुसणारी बाई म्हणाली. "आतल्या म्हाताऱ्यांच्या अंगावर खिडक्यांचे जुने पडदे आहेत."

वहिनी उठल्या. निळ्या पट्टीची गोधडी पिशवीतून काढली. "कुठून जायचं आत?"

"मावशी, परवानगीशिवाय..."

"सरका."

त्यांच्यामागून मी कालच्या पाच गोधड्या घेऊन गेलो. व्यवस्थापक सरकले. त्या माणसाला हात लावावा लागला नाही, हे बरं झालं.

खोलीत अकरा खाटा होत्या. पडद्यांना कड्यांची भोकं तशीच होती. फोटोतले आजोबा खिडकीशी होते. वहिनींनी त्यांच्यावर गोधडी घातली, या वेळी पट्टी वरच्या बाजूला, आणि सवयीने तळहात फिरवून गाठी लागतात का पाहिलं.

आजोबांनी घाईघाईने केस सारखे केले. "पाहुणे आले का? फोटो कधी काढणार?"

"फोटो नाही, आजोबा."

"मग परत कधी द्यायची?"

वहिनींनी गोधडी त्यांच्या खांद्यापर्यंत ओढली. "द्यायची नाही," त्या म्हणाल्या. "तुमचीच आहे."

आजोबांचा विश्वास बसला नाही. गोधडीची कड त्यांनी दोन्ही मुठींत धरून ठेवली.

सहा खाटा झाल्या, पाच राहिल्या. ओले गठ्ठे मी दोन खेपांत वहिनींच्या घरी आणले. पिल्लांचा गठ्ठा टाकून द्या म्हटलं, तर त्यातल्याही दोन गोधड्या त्यांनी बाहेर काढल्या. तीनदा उकळूनही वास जात नाही. आता त्या उसवून पुन्हा उकळताहेत, पाच खाटांसाठी. रोज सकाळी आश्रमात जातात आणि सुयांसारख्या खाटांवरच्या गोधड्या मोजतात.

व्यवस्थापक अजून चहा विचारतात. वहिनी कपाकडे बघतही नाहीत. मी तीन वर्षं तो चहा प्यायलो.