धाकट्याच्या पालीचे रातकिडे

वीस वर्षं झाली, मी किडे मारायचं औषध विकतो. रेणापुरात माझं कृषी सेवा केंद्र आहे. आणि गेल्या हिवाळ्यात मीच नांदेडहून जिवंत रातकिडे मागवत होतो. गिऱ्हाइकांना कळलं असतं तर त्यांनी माझ्या दुकानाची पायरी चढणं सोडलं असतं.

रातकिडे धाकट्या भावाच्या पालीसाठी होते. भिंतीवरची पाल नव्हे. ही पिवळी, अंगावर काळे ठिपके असलेली, काचेच्या पेटीत राहणारी. नांदेडजवळ विष्णुपुरीला इंजिनिअरिंगला असताना त्यानं ती पाळली, आणि शेवटच्या वर्षी डिग्रीबरोबर तीही घरी आली. आम्ही लिंगायत, घरात अंडंसुद्धा येत नाही. अव्वानं, म्हणजे आमच्या आईनं, आठ दिवस अबोला धरला. नवव्या दिवशी म्हणाली, "तुझ्या खोलीत ठेव ते. माझ्या सैपाकघराकडं न्हाई आणायचं." तो हसला आणि तेवढ्यावर मिटलं.

पावसाळ्यात तो मोटारसायकलवरून पडून गेला.

आमच्यात बसवून पुरतात. शेताच्या बांधाजवळ त्याला बसवलंय. थंडी पडायला लागली तशी मला त्या मातीची धास्ती वाटू लागली. रजई ओढली की मनात यायचं, त्याच्या अंगावर काहीच नाही. शहाण्या माणसानं असला विचार करू नये हे मला कळत होतं, पण कळून काय उपयोग. रोज ओढायचो रजई आणि रोज यायचा तो विचार.

त्याची पाल मागे राहिली आणि मोबाइल राहिला. मोबाइल मी उगाच चार्ज करत राहिलो. एक दिवस त्यावर मेसेज आला, "भाऊ, डबा पाठवू का?" नांदेडचा एक माणूस गच्चीवरच्या खोलीत क्रेटमध्ये रातकिडे वाढवतो आणि पाली पाळणाऱ्यांना पुरवतो, त्याचा. त्याला खरं कळवायला हवं होतं. मी लिहिलं, "हाव, पाठव." धाकटा असंच लिहायचा.

तेव्हापासून नांदेडात एका माणसापुरता माझा भाऊ जिवंत होता. फोन आला की मी कट करायचो आणि लिहायचो, रेंज न्हाई, मेसेज कर. तो विचारायचा, पाल कशी हाय, तू कसा हायस. मी उत्तरं द्यायचो. खोटं सांगत नाही, त्या दोन मिनिटांत मला बरं वाटायचं. नंतर दिवसभर स्वतःची शिसारी यायची.

डबा एसटीनं यायचा. धाकटा हयात असताना तोच स्टँडवर जाऊन डबा घ्यायचा आणि तिथंच स्वेटरच्या आत घालायचा. मला ते नाटक वाटायचं. डिसेंबरात कडाक्याची थंडी पडली, त्या आठवड्यात मी डबा घेतला आणि सरळ दुकानात आणला. दुकानात मागच्या कोपऱ्यात, औषधाच्या खोक्यांआड, वारा लागत नाही. उबेला म्हणून तिथं ठेवला. संध्याकाळी घरी आणून उघडला तर सगळे आडवे.

रातकिडेवाल्यानं लिहिलं, "थंडीनं आखडले असतील. उन्हात ठेव, उठतेत."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी ते गच्चीवर पेपरात पसरले. थोड्या वेळानं दोघा-तिघांचे पाय हलले. मी खूश झालो. एकाला चिमट्यात धरून धावतच खाली आलो. पालीची शेपूट हे तिचं चरबीचं कोठार. पूर्वी अंगठ्याएवढी जाड होती, आता पेन्सिलीवर आली होती. माझ्या हातून तिचं खाणं कधी धड झालंच नव्हतं. पेटीचं झाकण उघडलं आणि चिमट्यातल्या किड्याकडे नीट पाहिलं. तो नुसता पाय हलवत नव्हता. अंगभर थरथरत होता.

ती थरथर मी वीस वर्षं बघतोय. हरभऱ्यावर फवारलं की शेतकरी मला बांधावर नेऊन दाखवतात, बघा, औषध लागू पडलं. मी समाधानानं मान हलवतो. हे थंडीचं नव्हतंच. माझ्या दुकानाचं होतं. झाकण लावलं आणि खाली बसलो. एक घास गेला असता तर धाकट्याची ती एवढी एक जिवंत वस्तू मी माझ्या हातानं मारली असती.

मी लिहिलं, "थंडीनं गेले सगळे."

उत्तर आलं, "आता पार्सल नको भाऊ. नांदेडला ये, हातात देतो. लई दिवस झाले भेटून."

"मला जमत न्हाई," मी लिहिलं. "थोरल्याला पाठवतो."

नांदेडच्या स्टँडवर तो डबा छातीशी धरून उभा होता. तिशीचा, कानटोपी घातलेला. वाटेत मी ठरवून आलो होतो की आता सांगून टाकायचं. त्यानं माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "तुमी दादा ना? चेहरा तोच हाय की! तो काय करून राहिला?"

"कामात हाय," मी म्हणालो. माझीच जीभ, पण खऱ्याकडे वळली नाही.

"एक सांगू का दादा, राग मानू नका. आता डबा तुमी नेताय, तर दुकानात न्हाई ठेवायचा. तो म्हणायचा, दादाच्या हाताला औषधाचा वास असतो, दादाला डब्याजवळ येऊ देत न्हाई मी."

मी दोन्ही हात खिशात घातले. मग डबा घ्यायला ते काढावेच लागले. घासून धुऊन आलो होतो, तरी काढायची लाज वाटली.

डबा स्वेटरच्या आत घालून मी लातूरच्या गाडीत बसलो. लोहा गाव यायच्या आत किडे उबेनं जागे झाले आणि ओरडायला लागले. शेजारचा माणूस माझ्या पोटाकडे बघत होता. तेवढ्यात खिशातला धाकट्याचा मोबाइल वाजला. रातकिडेवाल्याचा मेसेज होता.

"तुझा दादा भेटला. लई खंगलाय बाबा. त्याला सांभाळ."

मी मोबाइल उलटा धरला. डोळे भरून आले, आणि पोटाशी किडे ओरडतच होते. मोबाइल तसाच खिशात ठेवला.

दिवेलागणीला घरी पोचलो. चपला काढतोय तोच आतून अव्वाची हाक आली, अगदी साध्या आवाजात, "आलास का रे?" धाकट्याला ती अशी हाक मारायची. कितीतरी वर्षं ही हाक आली की दारात तोच असायचा.

"मी हाय, अव्वा."

ती बाहेर आली नाही. भांड्यांचा आवाज थांबला होता.

मी खोलीत गेलो आणि हाताला पिशवी गुंडाळून एक रातकिडा पेटीत सोडला. पाल हलली नाही. मग तिनं मान वळवली, शेपटीचं टोक हलवलं आणि झडप घातली. मी दुसरा सोडला, तिसरा सोडला. तिनं तिन्ही खाल्ले. अव्वा कधी उंबऱ्याशी येऊन उभी राहिली कळलं नाही. पालीला किडा खाताना तिनं कधी पाहिलं नव्हतं. आज तोंड फिरवलं नाही.

ती गेल्यावर मी त्याचा मोबाइल काढला आणि त्याच्या नावानं उत्तर लिहिलं.

"हाव. सांभाळतो."