आईच्या रिपोर्टातला जाड आकडा

आमच्याकडे घरात इंग्रजी कागद आला की तो गावच्या शाळेतल्या गुरुजींकडे न्यायची रीत होती. बँकेचं पत्र असो की विम्याचा कागद, गुरुजी वाचायचे आणि एका वाक्यात सांगायचे, "काळजी नको," किंवा "उद्या तालुक्याला जा." मी पदवीधर झालो, घरातला पहिलाच, तेव्हापासून ते कागद माझ्याकडे यायला लागले. नोकरीसाठी बंगळूरला आलो तरी मोबाइलवर फोटो येतच राहिले. मला त्याचं ओझं वाटलं नाही. ज्या घरानं शिकवलं त्याच्यासाठी एवढं तर करायलाच हवं.

आई मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी माझ्याकडे बंगळुरातल्या बनशंकरीला आली. तांदळातले खडे दिसेनासे झाले होते, ते तिला फार लागलं होतं. ऑपरेशनआधी रक्त तपासलं. रिपोर्टात लिम्फोसाइट्स शेहेचाळीस टक्के, आकडा जाड छापलेला. शेजारी लिहिलं होतं, चाळीसपर्यंत ठीक. पण थोडं खाली त्याच लिम्फोसाइट्सचा दुसरा एक आकडा होता, आणि तो मर्यादेत होता.

"काय म्हणतोय कागद?" आईनं विचारलं.

मी सगळा वाचून दाखवला.

"वाचलंस रं. पण म्हणतोय काय?"

"या पांढऱ्या पेशी असतात. रोगाशी लढतात. त्या जास्त दिसतायत."

"मग चांगलंच की."

चांगलं असतं तर जाड कशाला छापलं असतं? मोबाइलवर शोधलं, तर साध्या तापापासून रक्ताच्या कर्करोगापर्यंत सगळं एकाच पानावर. मी मोबाइल पालथा ठेवला.

"आता माझ्या डोळ्याचं ऑपरेशन लांबणार का?" आई म्हणाली.

दुसऱ्या दिवशी जवळच्या डॉक्टरबाईंकडे गेलो. इतक्यात ताप आला होता का, त्यांनी विचारलं. गावाहून निघायच्या आधी आला होता. मग त्यांनी कन्नड मिसळलेल्या हिंदीत समजावलं. टक्के म्हणजे नुसता वाटा. बाकीच्या पेशी कमी असल्या की यांचा वाटा मोठा दिसतो. खरी संख्या खालच्या ओळीत आहे, आणि ती ठीक आहे. तापानंतर असं होतं. "स्वल्प जास्त आहे, बस. ऑपरेशन करा. महिन्यानं परत तपासा." डोळ्यांच्या डॉक्टरांसाठी तशी चिठ्ठीही दिली.

रिक्षात मी आईला सांगितलं, "काही नाही म्हणाल्या. महिन्यानं परत तपासायचं."

"काही नाही, तर परत कशाला?"

मी डॉक्टरबाईंची चिठ्ठी पुन्हा उघडून पाहिली.

"गुरुजी असं दोन-दोन बोलत नव्हते," ती म्हणाली.

ऑपरेशन नीट झालं. महिन्यानं दुसरा रिपोर्ट आला. एक्केचाळीस. डॉक्टरबाई फोनवर म्हणाल्या, आता सोडून द्या. मी दोन्ही कागद शेजारी ठेवून बसलो होतो. आईनं नवा कागद उचलून खिडकीशी धरला.

"हाच का तो जाड आकडा?"

"हो."

"मागच्यापेक्षा कमी?"

"कमी."

"पण जाडच."

"जाडच."

तिनं कागदाची घडी करून माझ्या हातात दिली आणि तांदळाचं ताट पुढं ओढलं. खडे तिला सापडत होते. चाळीस ठीक आणि एक्केचाळीस जाड, या दोहोंमध्ये आईचं नेमकं काय बदलतं, हे मी अजून शोधत होतो.